टिंब कोणी पुसले?

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या आमच्या एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी विषय घेतला, तो शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका मराठी मासिकाच्या भाषेचा. त्या मासिकाचे अंक एका संस्थेच्या संकेतस्थळावर पानापानाच्या चित्रांच्या रूपात ठेवलेले आहेत. तिने ते घरी बसून वाचले, कष्टाने टिपणे काढली आणि एके दिवशी निष्कर्ष माझ्यासमोर ठेवला : "सर, या संपादकांनी अनुच्चारित अनुस्वार जवळजवळ टाकूनच दिले होते. म्हणजे बासष्ट सालच्या नियमांच्या चाळीस-पन्नास वर्षं आधीच!"

निष्कर्ष लहान नव्हता. खरा ठरता तर मराठी लेखनपद्धतीच्या इतिहासात त्याची दखल घ्यावी लागली असती. मी तिच्याकडून पानांची चित्रे मागवली आणि संगणकाच्या पडद्यावर मोठी करून पाहिली. जिथे वाक्याला 'तें' हवे होते तिथे 'ते' दिसत होते, हे खरे. पण मात्रेच्या उजव्या अंगाला एक करडा डाग होता. तसाच डाग 'घरीं'च्या वेलांटीपाशी आणि 'त्यानें'च्या मात्रेपाशीही होता. डाग म्हणावा तर अनुस्वारासारखा, अनुस्वार म्हणावा तर कागदावरच्या मळासारखा. शेवटी आम्ही दोघे एका जुन्या ग्रंथालयात जाऊन मूळ अंकांची बांधीव फाइल पाहून आलो. सगळी टिंबे जागच्या जागी होती. खिळ्याने कागदावर उमटवलेली, काळीभोर, शंकेला जागा न ठेवणारी. तिने एक पान पाहिले, दुसरे पाहिले, मग फाइल मिटली. चार महिन्यांचे काम त्या मिटण्याबरोबर संपले.

ती टिंबे संपादकाने पुसली नव्हती आणि जुळाऱ्यानेही नाही. ती पुसली होती पान संकेतस्थळावर चढवताना कोणीतरी निवडलेल्या फाइलीच्या प्रकाराने. 'कोणीतरी' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे, कारण हा निर्णय घेणाऱ्याचे नाव कुठेच नोंदलेले नसते. प्रस्तावना कोणी लिहिली, उद्घाटन कोणी केले, देणगी कोणी दिली, सारे त्या संकेतस्थळावर आहे. पान कोणत्या प्रकारात जतन केले, किती लहान केले, किती दाबले, याबद्दल एक ओळ नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. जुन्या मराठी मजकुराचे चित्र कोणत्या प्रकारात ठेवायचे हा संगणकचालकाचा प्रश्न नाही. तो पाठचिकित्सेचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो मराठीच्या अध्यापकाचा प्रश्न आहे. आपण तो 'तांत्रिक' असे लेबल लावून दुसऱ्याच्या टेबलावर सरकवला. त्याची किंमत आता आपले विद्यार्थी मोजत आहेत.

आधी हे घडते कसे ते पाहू. जेपीजी हा प्रकार १९९२ साली प्रमाणित झाला. ज्या मंडळाने तो घडवला त्याच्या नावातच 'फोटोग्राफिक' हा शब्द आहे. तो छायाचित्रांसाठी जन्मला. चित्राचे आठ गुणिले आठ, म्हणजे चौसष्ट ठिपक्यांचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोन लहानमोठ्या लहरींच्या बेरजेने मांडायचा आणि त्यातल्या बारीक लहरी ढोबळ करून टाकायच्या, ही त्याची रीत. माणसाच्या गालावरून कपाळाकडे सरकत जाणारी सावली यात सुरेख टिकते, कारण तिथे बदल हळूहळू होतो. छापील अक्षराचे तसे नाही. तिथे पांढऱ्याला लागून लगेच काळे येते. हा तीव्र बदल मांडायला नेमक्या त्या बारीक लहरी लागतात, आणि ढोबळ होतात त्याही त्याच. मग अक्षराच्या कडेला डासांचा घोळका उठावा तसे करडे ठिपके उठतात.

रोमन लिपीला याचा त्रास होतो, पण बेताचा. तिथे टिंब प्रामुख्याने दोन लहान अक्षरांवर असते, आणि ते पडले तरी शब्द ओळखू येतो. देवनागरीत, विशेषतः जुन्या मराठीत, टिंब व्याकरण वाहते. 'तें' हे नपुंसकलिंगी एकवचन, 'ते' हे पुल्लिंगी अनेकवचन. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, तोवर छापील मराठीत ही टिंबे होती आणि ती अर्थ सांगत होती. शिवाय ती बसतात कुठे? मात्रेला, वेलांटीला, रफाराला अगदी खेटून. मधली पांढरी फट केसाएवढी असते. डासांचा घोळका पहिल्यांदा बसतो तो त्या फटीत.

थोडा हिशेब करू. डेमी आकाराचे पान साडेपाच इंच रुंद. ते इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात स्कॅन केले तर रुंदी १६५० ठिपके भरते. अर्धा मिलिमीटर व्यासाचे टिंब त्यात सहाएक ठिपक्यांचे असते. आता हे पान 'लवकर उघडावे' म्हणून ६०० ठिपके रुंदीवर आणले की टिंबाच्या वाट्याला जेमतेम दोन ठिपके उरतात. त्यावर जेपीजीचा दाब दिला की ते दोन ठिपके काळ्याचे करडे होतात आणि शेजारच्या मात्रेत विरतात. वाचणाऱ्याला पान 'स्पष्ट' दिसते, कारण शब्द कळतात. आपण शब्द ओळखतो, अक्षरे मोजत नाही. पाठ बिघडला आहे हे म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाही.

आपण राहतो त्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरात, ही गोष्ट निराळ्याने सांगावी लागू नये. शके १२१२ मध्ये नेवाशात ज्ञानदेव बोलले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले, ही आपल्या परंपरेची श्रद्धा आहे. पुढे तीन शतकांत नकलेवरून नकल होत गेली, पाठ बिघडले, आणि शके १५०६ मध्ये एकनाथांना ग्रंथ शुद्ध करावा लागला. १९०९ मध्ये राजवाड्यांनी आपली प्रत छापली, तेव्हापासून कोणता पाठ मूळचा यावर मराठीच्या अभ्यासकांनी किती शाई खर्च केली हे आपण सारे जाणतो. एका अनुस्वारासाठी, एका इकारासाठी आपण वर्गात तास घालवतो. आणि तेच आपण, हातातले पान संगणकचालकाला देताना म्हणतो, "जरा हलकं करून टाका."

जेपीजीची आणखी एक खोड आहे. फाइल उघडली, किंचित कापली, पुन्हा जतन केली की ती पुन्हा दाबली जाते. प्रत्येक वेळी थोडे आणखी झडते. म्हणजे प्रत्येक जतन हा एक नवा लेखनिक. मात्र हाडामांसाच्या लेखनिकाच्या चुकीला एक रीत असते. त्याची नजर एका ओळीवरून दुसरीवर घसरते, त्याला न कळलेला शब्द तो ओळखीच्या शब्दाने बदलतो. त्या रीतीवरूनच आपण मूळ पाठापर्यंत माग काढत जातो. फाइलीच्या झडण्याला अशी रीत नाही. तिथे माग काढायला काही उरत नाही.

हस्तलिखित पोथ्यांचे हाल याहून वाईट आहेत. पोथीत काळ्या शाईबरोबर हिंगुळाची तांबडी शाई असते : ओवीचे अंक, दंड, 'उवाच'. जेपीजी नेहमीच्या बेतात रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा चौपट ढोबळ ठेवतो. त्यामुळे तांबडा दंड शेजारच्या काळ्या अक्षरात फुटतो. आणि हरताळ? चुकलेल्या अक्षरावर लेखनिक पिवळा हरताळ लावून ते रद्द करीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आपण शिकवतो तो तिथूनच आलेला. पोथीचे पान निव्वळ काळ्या-पांढऱ्यात रूपांतरित केले की पिवळा रंग पांढरा होतो आणि त्याच्याखाली पुसट दिसणारे रद्द अक्षर काळे होऊन वर येऊ शकते. लेखनिकाने मारलेले अक्षर यंत्र जिवंत करते, आणि आपण त्याला 'पाठभेद' म्हणून तळटीप देतो.

याहून भयंकर उदाहरण जर्मनीतले आहे. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे स्कॅन करताना आकडेच बदलतात. एका घराच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे वेगवेगळी होती. स्कॅन केलेल्या प्रतीत तिन्हींवर एकच आकडा आला. कारण होते जेबिग-टू नावाची दाबण्याची पद्धत. ती पानावरची सारखी दिसणारी चिन्हे एकत्र करते आणि एकाच चिन्हाचा ठसा सगळीकडे वापरते. इथे पान पुसट होत नाही. अक्षर ठळक, स्वच्छ आणि चुकीचे येते. हीच पद्धत पीडीएफ फाइली लहान करण्यासाठीही वापरता येते. 'घ' आणि 'ध', 'प' आणि 'ष', 'भ' आणि 'म' यांतला फरक एका बारीक रेघेचा असलेल्या लिपीत ती ढिलेपणाने वापरली तर काय होईल, याचा विचार करून पाहावा. पुसट पाठावर वाचक निदान शंका तरी घेतो. ठळक चुकीवर तो विश्वास ठेवतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो इतिहासाचा : "त्या काळी दुसरा उपाय होता का?" आक्षेपात तथ्य आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. २००० च्या आगेमागे मराठी मजकूर महाजालावर आणणे म्हणजे खरोखर कसरत होती. विंडोज ९८ वर युनिकोड देवनागरीची सोय नव्हती. पुढे विंडोज २००० आणि एक्सपीबरोबर 'मंगल' हा टंक आला, तरी एक्सपीवर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक खूण केल्याशिवाय जोडाक्षरे नीट दिसत नसत. प्रत्येक वृत्तपत्राचा टंक वेगळा. पानाबरोबर टंक आपोआप पाठवायची सोय मायक्रोसॉफ्टने काढली ती इंटरनेट एक्सप्लोररापुरती, नेटस्केपची तऱ्हा वेगळी. एकाच्या न्याहाळकात मराठी दिसे, तर दुसऱ्याच्यात प्रश्नचिन्हांची रांग. अशा वेळी मजकुराचे चित्र करून लावणे हा एकच मार्ग असा होता की जो सगळीकडे सारखा दिसे. तो आपद्धर्म होता आणि तो पाळणाऱ्यांना मी दोष देत नाही.

पण आपद्धर्मातही निवड होतीच. जिफ हा प्रकार १९८७ चा. त्यात फक्त २५६ रंग मावतात म्हणून त्याला हिणवले जाई. पण करड्या रंगाच्या छटा तरी एरवी किती असतात? २५६च. म्हणजे करड्या छटांत स्कॅन केलेले छापील पान जिफमध्ये एक ठिपकाही न गमावता मावत होते. त्याच्या दाबण्याच्या पद्धतीवर युनिसिस कंपनीचा पेटंट हक्क होता आणि १९९४ अखेर त्यावरून वाद उसळला. त्या वादातून पीएनजी हा मुक्त प्रकार जन्मला. १९९६ मध्ये त्याला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची मान्यता मिळाली. तोही काही न गमावता जतन करतो आणि त्याला २५६ रंगांची मर्यादा नाही.

मग आपण पीएनजी का घेतला नाही? कारण एक समजूत पसरली होती : 'पीएनजी इंटरनेट एक्सप्लोररात दिसत नाही.' मी स्वतः ती ऐकली, मानली आणि इतरांना सांगितली. ती अर्धसत्य होती. २००१ च्या एक्सप्लोरर ६ ला पीएनजीतली अंशतः पारदर्शकता कळत नसे. जिथे आरपार दिसायला हवे तिथे तो राखाडी रंग भरी. २००६ मध्ये आवृत्ती ७ आली तेव्हा ती अडचण मिटली. पण पुस्तकाच्या पानाला पारदर्शकता हवी कशाला? साधे, अपारदर्शक पीएनजी पान एक्सप्लोरर ६ मध्ये उत्तम दिसत होते. एका सजावटीच्या अडचणीवरून आपण मजकूर जपणारा प्रकार वर्षानुवर्षे वाळीत टाकला. कारण आपण विचारलेच नाही. ब्राउझरात नेमके काय दिसत नाही, का दिसत नाही, आपल्या कामाला त्याचा संबंध आहे का, असे तीन प्रश्न पुरले असते. विद्यार्थ्याने ऐकीव संदर्भ दिला तर आपण त्याचे गुण कापतो.

उलट टोकाचे उदाहरणही आपल्यासमोर आहे. भारतीय डिजिटल ग्रंथालयाच्या प्रकल्पाने हजारो जुनी पुस्तके टिफ प्रकारात स्कॅन केली. जतनासाठी टिफ उत्तम. पण बहुतेक ब्राउझरांना टिफ उघडता येत नाही. वाचकाने वेगळे जोडयंत्र उतरवून घ्यायचे, मग एकेक पान उघडायचे. आमच्यापैकी कितीजणांनी त्या पांढऱ्या पडद्याकडे पाहत संध्याकाळी घालवल्या असतील! पुढे मोठ्या ब्राउझरांनी अशा जोडयंत्रांचा आधारच काढून घेतला : क्रोमने २०१५ मध्ये, फायरफॉक्सने २०१७ मध्ये. मूळ संकेतस्थळही बंद पडले. त्यातली पुष्कळ पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर नकलून ठेवली गेली होती, म्हणून ती आज मिळतात. धडा दुहेरी आहे. मूळ प्रत काही न गमावणारी हवी आणि वाचायची प्रत कोणत्याही साध्या ब्राउझरात उघडणारी हवी. एकाच फाइलीने दोन्ही कामे करावीत हा हट्ट सोडला पाहिजे.

दुसरा आक्षेप आमच्या तरुण सहकाऱ्यांचा : "सर, तुम्ही जुन्या काळात आहात. आता वेबपी आहे, एव्हिफ आहे. फाइल निम्मी होते आणि फरक दिसत नाही." वेबपी गूगलने २०१० मध्ये आणला. सफारीने तो स्वीकारायला २०२० उजाडले. एव्हिफ २०२० मध्ये क्रोममध्ये, २०२१ मध्ये फायरफॉक्समध्ये आणि २०२२ मध्ये सफारीत आला. दोन्ही गुणी आहेत, हे मान्य. वेबपीत काही न गमावता जतन करण्याची सोय आहे आणि तिच्यात फाइल सहसा पीएनजीपेक्षा लहान होते. ती जरूर वापरावी. पण त्याच वेबपीचा दुसरा, गमावणारा अवतार रंग नेहमीच ढोबळ करतो, म्हणजे पोथीच्या तांबड्या शाईची तीच गत. बटण एकच दिसते, आत दोन वेगळे प्रकार आहेत. आणि 'फरक दिसत नाही' हे कोण सांगते? वेग मोजणारे यंत्र. त्याला अनुस्वार ठाऊक नाही.

शिवाय कोणता प्रकार जगेल हे ठरवणारे आपण नाही. जेपीजी एक्सएल हा प्रकार जुन्या जेपीजी फाइली आणखी काही न गमावता लहान करू शकतो. २०२२ मध्ये क्रोमने आपला प्रायोगिक आधार काढून घेत असल्याचे जाहीर केले, तर २०२३ मध्ये सफारीने त्याच प्रकाराला दार उघडले. दूरच्या एका कंपनीतल्या निर्णयावर नेवाशाच्या पोथीचे दिसणे न दिसणे अवलंबून ठेवायचे का? नवे प्रकार जरूर द्यावेत, पण त्यांच्यामागे एक जुना, सगळीकडे उघडणारा प्रकार उभा असावा. 'पिक्चर' नावाच्या टॅगने ही व्यवस्था सहज होते. ज्याला एव्हिफ कळतो त्याला एव्हिफ, नाहीतर वेबपी, नाहीतर पीएनजी किंवा जेपीजी. चार ओळींचे काम आहे. ते शिकायला एम. सी. ए. व्हावे लागत नाही.

तिसरा आक्षेप माझ्या मते सर्वात गंभीर आहे, कारण तो गरिबाच्या नावाने केला जातो : "अकोल्याच्या डोंगरातला विद्यार्थी मोबाइलवर वाचतो, त्याला जड फाइल कशी परवडणार?" प्रश्न खरा आहे. वर सांगितलेले पान करड्या छटांत, न दाबता ठेवले तर सुमारे चार मेगाबाइट होते. पीएनजीने ते बरेच उतरते, पण कागद जुना, डागाळलेला असेल तर तितकेसे नाही, कारण पीएनजी डागही इमानाने जपतो. तेव्हा वाचनासाठी जेपीजी किंवा वेबपी वापरायला माझी ना नाही. अट एवढीच की पानाची रुंदी कमी करू नये, दाब सौम्य ठेवावा, रंगीत पोथी असेल तर रंग ढोबळ करू नये आणि शेजारी मूळ प्रतीचा दुवा द्यावा. गरिबाला बिघडलेला पाठ आणि पुण्यातल्या संशोधकाला मूळ अंक, अशी वाटणी करून आपण त्या विद्यार्थ्याच्या बाजूने बोलत आहोत असा आव आणू नये. आमची ती विद्यार्थिनीही मोबाइलवरच वाचत होती.

आणि त्या डोंगरातल्या विद्यार्थ्याला खरी हलकी फाइल द्यायची असेल तर तिचे नाव युनिकोड मजकूर. एक अख्खा लेख साध्या मजकुराच्या रूपात त्या एका पानाच्या चित्राहून कितीतरी हलका असतो. तो शोधता येतो, उतरवून घेता येतो, कोशाला पुरवता येतो. चित्रातला मजकूर अंध विद्यार्थ्यासाठी मुका असतो. त्याचा स्क्रीन रीडर 'चित्र' एवढे म्हणून गप्प बसतो. तरीही आजच्या काळात, नव्याने लिहिलेले लेख, कविता, परिपत्रके चित्र करून टाकली जातात. विचारले तर उत्तर मिळते, "म्हणजे कोणी चोरणार नाही." चोराला चित्र उचलायला एक क्षण लागतो. अडतो तो वाचक, कोशकार आणि अंध विद्यार्थी. २००२ सालचा आपद्धर्म आपण पंचवीस वर्षे कुलाचारासारखा पाळतो आहोत.

आपल्या जिल्ह्याकडे काय काय आहे ते पाहा. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' नगरात सुरू झाले. १९१० पासून मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' चालवला, तो नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रें'चा पहिला भाग १९३४ चा. त्या नावातच अनुस्वार आहे! हे सारे लेखन बासष्टपूर्व मराठीतले, म्हणजे टिंबांनी भरलेले. यातले जे महाजालावर येईल ते कोणाच्या हातून, कोणत्या प्रकारात येईल? उद्या कोणी या चित्रांवरून यंत्राकरवी मजकूर ओळखून घेईल आणि तो मजकूर नव्या कोशांना, भाषांतरयंत्रांना खाऊ घातला जाईल. करड्या डागाला यंत्र मळ समजेल. मग आमच्या विद्यार्थिनीने काढलेला चुकीचा निष्कर्ष एका लघुप्रबंधात न राहता सगळीकडे सत्य म्हणून फिरेल, आणि तो खोडायला कोणी बांधीव फाइल उघडणार नाही.

म्हणून मराठी विभागांकडे माझी मागणी आहे. पाठचिकित्सेच्या पत्रिकेत पोथीच्या शाखा शिकवता तिथे फाइलींचे प्रकारही शिकवा. महाविद्यालय जुने अंक स्कॅन करणार असेल तर त्या समितीत मराठीचा अध्यापक असावा आणि त्याने सही करावी : मूळ प्रत टिफ किंवा पीएनजीत, इंचाला किमान ३०० आणि पोथी असेल तर ४०० ठिपके, करड्या छटांत किंवा रंगात, निव्वळ काळ्या-पांढऱ्यात नव्हे. वाचनाची प्रत कशी केली, किती दाबली, कोणी केली, याची नोंद प्रत्येक अंकाबरोबर असावी, जशी संपादित ग्रंथात 'प्रस्तुत प्रतीविषयी' असते. विद्यार्थ्यांनी मोबाइलने पाने टिपली तर ती व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून मागवू नका, ते चित्र आपणहून लहान करते. डॉक्युमेंट म्हणून मागवा. आयफोनमधून येणारी एचईआयसी फाइल सफारीखेरीज बहुतेक ब्राउझरांत उघडत नाही, ती मूळ म्हणून सांभाळा आणि संकेतस्थळासाठी वेगळी प्रत करा. यात अवघड असे काही नाही. अवघड आहे ते 'हे आपले काम आहे' असे म्हणणे.

हे लिहिण्याचा अधिकार मला फारसा नाही. २००७ साली मी ज्या महाविद्यालयात होतो तिथल्या वार्षिक नियतकालिकाचे जुने अंक संकेतस्थळावर घालायचे ठरले, तेव्हा देखरेखीचे काम माझ्याकडे होते. संगणकचालकाने विचारले होते, "सर, क्वालिटी किती ठेवू?" मी म्हणालो होतो, "दिसलं म्हणजे झालं." त्याने साठ ठेवली की चाळीस, मला ठाऊक नाही. मी विचारले नाही. मूळ स्कॅन कुठे जपून ठेवायचे हेही सांगितले नाही, ते गेले.

त्या प्रसंगानंतर मी ते अंक पुन्हा स्कॅन करायचे ठरवले आणि जुन्या कपाटाची किल्ली मागितली. बासष्टपूर्वीचे अकरा अंक तेव्हा चढवले होते. कपाटात नऊ निघाले. उरलेले दोन, 'आता नेटवर आहेतच' म्हणून, मधल्या एका साफसफाईत रद्दीत गेले असावेत. त्या दोन अंकांची आता एकच प्रत जगात आहे, आणि ती मी मंजूर केलेली आहे.